प्रौढ स्त्रियांचा पोशाख, मुंबई उपनगरांतील

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या, साधारणतः ४० ते ६० वर्षे वयाच्या स्त्रियांची वस्त्रे, त्यांत गेल्या शतकात होत गेलेले बदल आणि ही वस्त्रे पुरविणारा स्थानिक बाजार यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथील लोहमार्गालगतच्या बाजारपेठांत हे बदल विशेष स्पष्टपणे दिसून येतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या वयाच्या स्त्रीचा पोशाख प्रामुख्याने नेसावयाचा होता. एकविसाव्या शतकात तो बव्हंशी घालावयाचा झाला. मराठीतील ‘नेसणे’ व ‘घालणे’ या दोन क्रियापदांतील अंतर हाच या इतिहासाचा गाभा होय. नेसावयाचे वस्त्र अंगाप्रमाणे आकार घेते. तयार शिवलेले वस्त्र मात्र अंगाकडूनच ठराविक मापाची अपेक्षा करते. वयाबरोबर शरीर बदलत जाते, त्यामुळे या स्थित्यंतराचा भार प्रौढ स्त्रियांवर अधिक पडला.

उपनगरे व त्यांतील वस्ती : बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी धावू लागली. कुलाबा ते बोरिवली हा मार्ग १९२८ मध्ये विजेवर चालू लागल्यानंतर पश्चिमेकडील गावे शहराच्या अधिक निकट आली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा अंधेरी व घाटकोपर तीत समाविष्ट झाली. १९५७ मध्ये ही हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेल्यावर बोरिवली व मुलुंड ही उपनगरेही शहराचा भाग बनली. मूळच्या कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन इ. समाजांच्या गावठाणांभोवती गिरगाव, दादर, परळ या भागांतून आलेली मराठी कुटुंबे स्थायिक झाली. घाटकोपर व मुलुंड येथे गुजराती व कच्छी वस्ती मोठी होती. १९४७ च्या फाळणीनंतर मुलुंड, चेंबूर, शीव इ. ठिकाणी निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पोशाखाच्या दृष्टीने या संमिश्र वस्तीला महत्त्व आहे. कारण शेजारणीचे वस्त्र पाहून आपले वस्त्र बदलण्याचा प्रघात उपनगरांतील चाळी व सहकारी गृहसंस्था यांमध्येच प्रथम वाढला.

नेसावयाची वस्त्रे : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी प्रौढ स्त्रीचा नित्याचा पोशाख नऊवारी लुगडे व चोळी हा होता. नऊ वार म्हणजे सु. ८.२ मी. लांबीचे हे वस्त्र काष्टा घालून नेसले जाई. इरकली, नारायणपेठी, महेश्वरी इ. प्रकार ऐपतीप्रमाणे व प्रसंगाप्रमाणे वापरीत. चोळीसाठी खण घेतला जाई. कोळी व आगरी स्त्रियांच्या नेसण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या आणि ईस्ट इंडियन स्त्रिया आपल्या लुगड्यास ‘लुगरा’ म्हणत. या वस्त्रास वयोमर्यादा नव्हती. बाळंतपणानंतर किंवा उतारवयात शरीर भरले, तरी तेच लुगडे कामी येई. एखादी निरी कमी-अधिक करणे एवढाच फरक करावा लागे. कमरेशी खोचलेल्या ओच्यात सुटे पैसे व किल्ल्या ठेवता येत, ही त्याची आणखी एक सोय होती.

परकर व पोलके यांसह नेसावयाच्या गोल साडीचा पूर्वेतिहासही मुंबईशी निगडित आहे. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ नंतर मुंबई इलाख्यात राहिल्या असता त्यांनी येथील पारशी स्त्रियांची नेसण्याची पद्धत पाहिली आणि फेरफार करून ती बंगालमध्ये रूढ केली. मराठी घरांत पाचवारी व सहावारी साडी शिक्षित तरुण स्त्रियांच्या द्वारे शिरली. त्यांच्या सासवा नऊवारीतच राहिल्या. १९५० ते १९७० या काळात एकाच घरात सासू नऊवारीत व सून सहावारीत असे चित्र सर्वसामान्य होते. पुढे या सुनाच प्रौढ झाल्या, तेव्हा सहावारी हे प्रौढत्वाचे वस्त्र ठरले. एका पिढीचे तारुण्यातील वस्त्र हे पुढच्या काळात वयस्कांचे वस्त्र बनते, हा क्रम पुढेही पुनःपुन्हा आढळतो.

साडीखरेदीची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. दुकानातील पांढऱ्या गादीवर बसून साड्या उलगडून पाहावयाच्या, पदर खांद्यावर टाकून आरशात रंग पारखावयाचा व सोबतच्या बहिणीचे वा जावेचे मत घ्यावयाचे, असा हा व्यवहार असे. त्यात गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप कोणी विचारीत नसे. दादर येथील रानडे रस्ता व हिंदमाता आणि काळबादेवीकडील मुळजी जेठा व मंगळदास या बाजारांत लग्नसराईची खरेदी होई. दैनंदिन वापराच्या साड्यांसाठी स्टेशनाजवळची दुकाने, ‘अपना बाजार’सारखी सहकारी भांडारे आणि घरोघरी हप्त्याने साड्या विकणाऱ्या स्त्रिया हे मार्ग होते. अशा विक्रेत्या बहुधा स्वतः प्रौढ गृहिणी असत. भिशीच्या बैठकीत, कार्यालयातील मधल्या सुटीत किंवा हळदीकुंकवाच्या निमित्ताने त्यांचा व्यापार चाले व उधारी विश्वासावर असे.

गिरणीच्या कापडाने या पोशाखास स्वस्ताई आणली होती. १९६० नंतर नायलॉन व पुढे पॉलिएस्टर यांच्या साड्या प्रचारात आल्या. त्या लवकर वाळत, इस्त्री मागत नसत व सकाळची गाडी पकडणाऱ्या स्त्रीस सोयीच्या वाटत. दमट हवेत मात्र त्या अंगास उबत असत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपात सु. अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि सुरत, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांचे कापड बाजारात प्रबळ झाले. गिरणी कामगारांच्या घरांतील अनेक स्त्रियांना या काळात कुटुंबाच्या चरितार्थासाठी बाहेर पडावे लागले. त्यामुळे कामावर जाताना काय घालावे, हा प्रश्न केवळ शिक्षित मध्यमवर्गापुरता राहिला नाही.

शिंपी व ब्लाउज : सहावारी साडीबरोबर मापाचा प्रश्न प्रथम आला, तो ब्लाउजच्या रूपाने. चोळी पुढे गाठ मारून अंगासरशी बसविता येई. ब्लाउज मात्र छाती, कंबर, दंड व खांदा यांची मापे घेऊन शिवावा लागे. उपनगरांतील प्रत्येक बाजाररस्त्यावर ब्लाउज शिवणारे शिंपी व शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया असत. जवळच ‘मॅचिंग सेंटर’ या नावाने ओळखली जाणारी, टू बाय टू रुबियाचे शेकडो रंग ठेवणारी दुकाने व साडीस फॉल-पिको करून देणारे कारागीर असत. शिवताना शिवणीच्या आत जादा कापड ठेवण्याची जी पद्धत आहे, त्यास शिवणकामात ‘माया’ म्हणतात. अंग भरले की शिवण उसवून ही माया सोडविता येई व तोच ब्लाउज आणखी काही वर्षे वापरता येई. शिंप्याच्या वहीत गिऱ्हाइकाची मापे नोंदलेली असत. ती बदलल्यास नवा आकडा लिहिला जाई, परंतु त्या आकड्यास चारचौघांत नाव नव्हते. तयार कपड्यांनी पुढे हीच गोष्ट बदलली.

गाऊन व पंजाबी ड्रेस : १९७० नंतर घरात वापरावयाचा सैल, पायघोळ गाऊन उपनगरांत झपाट्याने पसरला. तो स्वस्त, सुती व सर्व मापांना चालणारा असल्यामुळे प्रौढ स्त्रियांनी त्याचा विशेष स्वीकार केला. दूध किंवा भाजी घेण्यासाठी खाली उतरताना त्यावर ओढणी अथवा टॉवेल टाकण्याची पद्धत त्यातूनच आली. गाऊन घराच्या उंबरठ्याबाहेर योग्य की अयोग्य, हा वाद दीर्घकाळ टिकला. २०१४ मध्ये नवी मुंबईतील गोठिवली येथे एका महिला मंडळाने सार्वजनिक ठिकाणी गाऊन घालण्यास मनाई करून दंडाची सूचना लावली होती. सोय व लोकमत यांतील हा तंटा स्त्रियांमध्येच चालला, हे उल्लेखनीय आहे.

सलवार-कमीज किंवा मराठीत रूढ झाल्याप्रमाणे ‘पंजाबी ड्रेस’ हा पंजाबी व सिंधी निर्वासित स्त्रियांमुळे मुंबईत परिचित झाला. महाविद्यालयीन मुलींनी तो आधी घेतला. विवाहानंतर मात्र साडीकडे वळण्याची अपेक्षा असे. १९८० नंतर नोकरदार स्त्रियांत तो वाढला. गर्दीच्या गाडीत चढणे-उतरणे, पावसाळ्यात साचलेले पाणी, लांबचा प्रवास ही त्याची प्रमुख कारणे होत. उपनगरी प्रवास करणाऱ्या स्त्रियांची संख्या इतकी वाढली की, ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट–बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी विशेष गाडी सुरू करण्यात आली. अनेक कुटुंबांत प्रौढ स्त्रीने पंजाबी ड्रेस घालण्यास प्रारंभी सासूची वा पतीची संमती लागे. काही स्त्रिया तो प्रथम सहलीत घालीत, मग कामावर व अखेरीस शेजारात. १९९० च्या सुमारास घरात गाऊन, कामावर ड्रेस व समारंभात साडी अशी त्रिविध विभागणी बरीचशी स्थिर झाली.

या टप्प्यावर ड्रेस बहुधा शिवूनच घेतला जाई. कमीज, सलवार व ओढणी यांचे न शिवलेले कापड संच स्वरूपात मिळे. मालाड येथील नटराज मार्केट अशा कापडासाठी प्रसिद्धीस आले. कापड निवडण्यात स्त्रीची आवड व बेतण्यात शिंप्याचे कौशल्य यांचा मेळ बसत असे. लांब बाही, खोल नसलेला गळा, दोन्ही बाजूंस सैल चीर या प्रौढ स्त्रियांच्या मागण्या शिंप्यास पाठ असत.

तयार कपड्यांचा बाजार : उपनगरांतील मुख्य बाजार लोहमार्गाच्या स्टेशनांशी बांधलेला आहे. पश्चिमेकडे स्वामी विवेकानंद मार्ग, पूर्वेकडे घाटकोपर व मुलुंड येथील महात्मा गांधी मार्ग आणि लालबहादूर शास्त्री मार्ग यांच्या कडेला दुकाने व पदपथावरील विक्रेते यांची सलग रांग आढळते. तयार कपड्यांचे उत्पादन शासकीय धोरणानुसार दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होते. विणलेल्या कापडाच्या तयार कपड्यांवरील हे आरक्षण २००० च्या राष्ट्रीय वस्त्रधोरणानंतर उठले. परिणामी उल्हासनगरसारख्या केंद्रांतील व मुंबईच्या औद्योगिक गाळ्यांतील असंख्य छोटे कारखाने आपापल्या मापांनी कपडे शिवीत. एका कारखान्याचा ‘एक्सएल’ दुसऱ्याच्या ‘एल’एवढा असणे स्वाभाविक होते. निर्यातीतून उरलेला माल पदपथावर येई. तो परदेशी मापांचा असे व त्याचे खांदे, बाह्या किंवा लांबी येथील स्त्रीस क्वचितच नेमकी बसे.

१९९१ मध्ये ‘शॉपर्स स्टॉप’ या विभागीय भांडाराचे पहिले दुकान अंधेरीत निघाले. प्रारंभी ते पुरुषांच्या कपड्यांपुरते होते व नंतर त्यात स्त्रियांचे विभाग आले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंधेरीस ‘इन्फिनिटी’, मुलुंडला ‘निर्मल लाइफस्टाइल’ व घाटकोपरला ‘आर सिटी’ असे भव्य मॉल उभे राहिले. स्पेनमधील ‘झारा’ (२०१०) व स्वीडनमधील ‘एच अँड एम’ (२०१५) यांसारख्या परदेशी दुकानसंस्थांनीही भारतात प्रवेश केला. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो (२०१४) झाल्याने पूर्व व पश्चिम उपनगरांतील बाजार एकमेकांस जोडले गेले. या दुकानांनी स्त्रीस स्वतः हाताळून कपडा निवडण्याची व घालून पाहण्याची मुभा दिली, हा त्यांचा मोठा गुण होय. तथापि मांडणीतील पुतळे व जाहिरातींतील चित्रे तरुण व सडपातळ देहाचीच असत. प्रौढ गिऱ्हाइकापुढे बहुधा दोनच पर्याय उरत : मुलीच्या वयाचे वाटणारे कपडे किंवा देह झाकण्याच्या हेतूने शिवलेले, गडद रंगाचे ढगळ कपडे. ज्या गादीवर बसून ती सन्मानाने साड्या पाहत असे, तिच्या जागी आता अरुंद ट्रायल रूम व तीव्र प्रकाशातील आरसा आला. तेथे तीन मापांचे कपडे घालून एकही न बसल्यास दोष कपड्याचा असूनही तो आपल्या अंगाचा वाटू लागला.

मापांचा प्रश्न : या अनुभवामागे निश्चित तांत्रिक कारण आहे. तयार कपड्याचा मूळ नमुना मध्यम मापाच्या देहावर बेततात व त्यावरून लहानमोठी मापे ठराविक प्रमाणात वाढवून वा घटवून काढतात. प्रौढ वयात शरीर मात्र अशा प्रमाणात वाढत नाही. रजोनिवृत्तीच्या काळात कंबर, पोट व दंड यांचा घेर वाढतो, परंतु खांद्याची रुंदी जवळजवळ तेवढीच राहते. परिणामी लहान मापाचा कुर्ता दंडाशी व पोटाशी घट्ट होतो आणि मोठ्या मापाचा खांद्यावरून घसरतो.

ही अडचण मुंबईपुरती मर्यादित नाही. अमेरिकेत रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांनी सु. १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेऊन १९४१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे १९५८ मध्ये तेथे प्रमाण मापे ठरविण्यात आली. परंतु श्वेतवर्णीयांखेरीज इतर स्त्रियांची मापे त्यात विचारात घेतली नव्हती. प्रत्यक्ष देहांशी ही मापे न जुळल्याने उत्पादकांनी ती हळूहळू सोडली व १९८३ मध्ये ती अधिकृतपणे रद्द झाली. भारतात तर दीर्घकाळ स्वतःची प्रमाण मापेच नव्हती. परदेशी तक्तेच थोड्याफार फेरफाराने वापरले जात. ही उणीव दूर करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडिया साइझ’ हे सर्वेक्षण हाती घेतल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमिती यंत्रांनी घेण्याची ही योजना होय. तीत ६५ वर्षांपर्यंतच्या वयाचा समावेश असणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

या अडचणीवर उपनगरांतील स्त्रियांनी आपल्या परीने उपाय शोधले. बिनबाह्यांच्या तयार कुर्तीच्या आत बाह्यांचे कापड स्वतंत्र जोडून देण्याची रीत व्यापाऱ्यांनी काढली. अशी कुर्ती घेऊन बाजारातच बसलेल्या शिंप्याकडून बाह्या लावून व कडा आत घेऊन ती अंगाजोगी करण्यात येते. एक माप मोठे घेऊन खांदे व बाजू आवळून घेणे, हाही सर्वमान्य उपाय होय. लेगिंग व लांब कुर्ती यांच्या जोडीने कमरेच्या मापाची अडचण बरीच कमी केली, कारण लेगिंगचे कापड ताणले जाते. अशा रीतीने तयार कपडा व शिंपी यांच्यात एक नवे सहकार्य निर्माण झाले. शिंप्याचा धंदा त्यामुळे बुडाला नाही, तर ‘शिवून देणे’ याऐवजी ‘बसवून देणे’ असे त्याचे स्वरूप झाले. महाजालावरील खरेदीत कपडा घालून पाहता येत नसला, तरी तो घरी आणून, स्वतःच्या आरशापुढे तपासून परत करता येतो. ट्रायल रूमचा संकोच टळत असल्याने या वयाच्या अनेक स्त्रियांना ती सोयीची वाटते.

वय, रंग व लोकमत : ‘वयाला शोभेल असे’ या शब्दप्रयोगाने प्रौढ स्त्रीच्या पोशाखावर सर्वाधिक नियंत्रण ठेवले. पूर्वी काही समाजांत विधवांना आलवण नेसावे लागे. ती प्रथा गेली, तरी वाढत्या वयात भडक रंग, मोठी नक्षी व उघडे दंड टाळावेत, हा संकेत टिकून होता. त्यास छेद देणाऱ्या काही गोष्टी सार्वजनिक उत्सवांतून आल्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वृत्तपत्रांमुळे नवरात्रात रोज ठरलेल्या रंगाचे वस्त्र नेसण्याची पद्धत मुंबईत लोकप्रिय झाली. रेल्वेच्या महिला डब्यांत वीस वर्षांची मुलगी व सेवानिवृत्तीस आलेली स्त्री एकाच दिवशी एकाच केशरी वा पोपटी रंगात दिसू लागल्या. १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेल्या गुढी पाडव्याच्या शोभायात्रा पुढे मुलुंड, बोरिवली इ. ठिकाणीही निघू लागल्या व त्यांत नऊवारीस नवे स्थान मिळाले. तथापि ही नऊवारी बव्हंशी शिवलेली व पायजम्याप्रमाणे चढवावयाची असते. ज्या वस्त्रास माप नव्हते, त्याच वस्त्रावर आता कंबरेचा आकडा लिहिलेला असतो, हा या स्थित्यंतराचा बोलका नमुना म्हणता येईल.

कार्यालयीन संकेतही बदलले. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी काढलेल्या परिपत्रकात स्त्रियांसाठी साडीबरोबरच सलवार वा चुडीदार-कुर्ता आणि पँट-कुर्ता किंवा शर्ट यांचाही उल्लेख होता. मार्च २०२४ मधील शिक्षकांसाठीच्या सूचनांतही साडी व सलवार-कुर्ता यांस समान मान्यता देण्यात आली. एकेकाळी सासूच्या संमतीने घालावयाचा ड्रेस अशा रीतीने औपचारिक पोशाखात गणला गेला.

मूल्यमापन : नेसणे, शिवून घेणे व तयार घेणे या तीन अवस्था एकामागून एक आल्या, तरी एकीने दुसरीस पूर्णतः हटविले नाही. उपनगरातील प्रौढ स्त्रीच्या कपाटात आजही तिन्ही शेजारीशेजारी आढळतात. प्रत्येक अवस्थेत तिला काही नवे मिळाले : तयार कपड्याने वेळ वाचला, हालचाल सुलभ झाली व स्वतःच्या कमाईतून, कोणाची संमती न घेता खरेदी करण्याचे स्वातंत्र्य लाभले. त्याबरोबरच बदलत्या देहास सामावून घेणारा वस्त्रातील मोकळेपणा कमी झाला. प्रौढ स्त्रीची मागणी तशी साधी आहे : दमट हवेत सोसवेल असे सुती कापड, दंडास न काचणारी बाही, उपयुक्त खिसा, प्रसन्न रंग आणि वय लपविण्याचा वा मिरविण्याचा आग्रह नसलेला बेत. ब्लाउजच्या शिवणीत शिंपी जी माया ठेवीत असे, तिला तयार कपड्यांच्या कारखानदारीत अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही. भारतीय देहांची मापे, विशेषतः चाळिशीनंतरची, प्रत्यक्ष उत्पादनात कितपत उतरतात, यावर या बाजाराचे पुढील स्वरूप बरेचसे अवलंबून राहील.